जॉन ॲलन व त्यांची इवली रेल्वे

दिवाळी जवळ आली की आमच्या शाळेत येणारी मुले आपापल्या अंगणांत मातीचे किल्ले रचू लागतात. आणि नाताळ जवळ आला की त्यांतीलच काही मुले शाळेच्या सभागृहात गव्हाणीचा देखावा मांडण्यास आम्हांस मदत करितात. दोन्ही प्रसंगी आम्ही कौतुकाने पाहत असतो, आणि दोन्ही प्रसंगी त्याच त्या चुका आमच्या दृष्टीस पडतात. मावळ्याची उंची किल्ल्याच्या दरवाजाहून अधिक असते. बुरुजापाशी बसलेला वाघ बुरुजाएवढा असतो. मेंढपाळाच्या हातातील कोकरू त्या शेजारच्या उंटास खाली पाहावयास लावील असे असते. आळीव पेरून उगविलेले गवत मात्र फार सुंदर दिसते, आणि आरशाचा तुकडा मातीत दाबून, कडेला वाळू पसरून केलेले तळे तर पाहणाऱ्यास क्षणभर फसवितेच. ही जी क्षणभर फसविण्याची कला, तिच्यामागे एका माणसाने आपले अर्धे आयुष्य वेचले. त्याचे नाव जॉन व्हिटबी ॲलन. खेळण्यातील आगगाड्यांभोवती खरा वाटेल असा देखावा उभा करण्याच्या कलेत त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते. त्यांच्या मृत्यूस आता पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. म्हणून त्यांचा वृत्तान्त आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

ॲलन यांचा जन्म 1913 साली जुलै महिन्याच्या 2 तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिसूरी संस्थानात, जॉप्लिन या गावी झाला. जॉप्लिन हे शिसे व जस्त यांच्या खाणींचे गाव. लहानपणी त्यांस संधिज्वराचे दुखणे झाले व त्याने त्यांचे हृदय कायमचे दुबळे करून ठेविले. हे दुखणे प्रथम सांध्यांत येते आणि जाताना हृदयावर आपली खूण सोडून जाते, असा वैद्यांचा अनुभव आहे. धडधाकट माणसाने करावयाची अंगमेहनतीची कामे या मुलाच्या नशिबी नव्हती. पुढे ते पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानात गेले, तेथे छायाचित्रणाची कला शिकले, आणि लॉस एंजेलिस शहरी त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा केला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे त्यांनी जे केले ते मुळात छायाचित्रकाराच्या डोळ्यांनी केले. उजेड कोठून पडतो, सावली किती लांब पडते, कोणता रंग दूरचा वाटतो व कोणता जवळचा, हे ज्याने दररोज पोटासाठी पाहिले त्यास ते पुन्हा शिकावे लागत नाही.

धंद्यात त्यांनी चार पैसे गाठीस बांधले, ते विचाराने गुंतविले, आणि राहणी साधी ठेविली. या बळावर 1946 साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते धंद्यातून मोकळे झाले व त्याच संस्थानातील मॉन्टेरे या समुद्रकाठच्या गावी येऊन राहिले. तेथे त्यांनी पहिली रेल्वे बांधावयास घेतली. ती किती मोठी असेल? रुंदी सुमारे साडेतीन फूट व लांबी सात फुटांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजेएवढी. पण एवढ्याशा जागेत त्यांनी डोंगर, दरी, पूल आणि एक गाव बसविले. ही बाजेएवढी रेल्वे त्यांनी पुढे कधी मोडली नाही. तिला जोड देऊन ती वाढविली, आणि 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नव्या घरी गेल्यावर तेथील तळघरात जी तिसरी व सर्वांत मोठी रेल्वे त्यांनी आरंभिली, तिच्या पोटात ही पहिली जशीच्या तशी बसवून टाकिली. तळघरातील ते काम जवळजवळ वीस वर्षे चालू होते.

या रेल्वेचे नाव त्यांनी 'गोरी अँड डिफीटेड' असे ठेविले. आपल्या भाषेतील गोरीशी या नावाचा काही संबंध नाही. इंग्रजीत या दोन शब्दांचा अर्थ रक्तबंबाळ आणि पराभूत असा होतो. मात्र ॲलन यांनी शब्दांची अक्षरे अशी काही विचित्र लिहिली की प्रथम वाचणाऱ्यास ती दोन दूरच्या गावांची नावेच वाटावीत आणि मोठ्याने उच्चारल्यावर त्यास हसू फुटावे. आपल्या देशांत दोन गावांच्या नावांनी रेल्वे कंपन्या ओळखल्या जात, तशीच चाल अमेरिकेतही होती. तिचीच ही थट्टा. रेल्वेच्या भोवतीच्या डोंगररांगेस त्यांनी दुखऱ्या पाठीचे नाव दिले. प्लास्टरच्या बादल्या उचलून ज्याची पाठ धरली आहे त्यालाच हे नाव सुचावे! दुबळ्या प्रकृतीच्या या माणसाने आपल्या दुखण्यांवर असे हसण्याचे अनेक मार्ग शोधून काढिले होते, असे आम्हांस वाटते.

आता थोडे गणित करू. ॲलन यांची रेल्वे ज्या मापाची होती त्या मापात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग घेतात. म्हणजे साडेपाच फूट उंचीचा माणूस पाऊण इंचाचा होतो आणि चाळीस फूट लांबीची मालाची वाघीण साडेपाच इंचांची. येथवर सर्व सोपे आहे. पण खऱ्या एका मैलास या मापाने साठ फूट जागा लागते. मग तळघरात दोन गावे मांडिली तर त्यांतील अंतर काही फर्लांगांचेच होणार! डोंगरांची गोष्ट याहून बिकट. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 5400 फूट. ते या मापाने करावयाचे तर नमुना बासष्ट फूट उंच होईल व तो उभा करण्यास चार मजली वाड्याचे छप्पर काढावे लागेल. मावळा दरवाजाहून मोठा होतो याचे कारण मुलांचे अज्ञान हे नसून, सगळ्या वस्तूंचे माप एकच ठेवणे हेच मुळात अवघड आहे. इंजिन आणि माणूस मापात आणता येतो, सृष्टी मापात येत नाही. जेथे माप चालत नाही तेथे काय करावे, हाच ॲलन यांच्यापुढील खरा प्रश्न होता.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी. त्या काळी घरोघरच्या हौशी लोकांच्या रेल्वे एका टेबलावर मांडलेल्या असत आणि डोंगर म्हणजे टेबलावर ठेवलेली टोपली पालथी घालावी तसा दिसे. पाहणारा वरून पाही. म्हणून सर्व काही खेळण्यासारखे वाटे. ॲलन यांनी तळघराच्या जमिनीपासून थेट छतापर्यंत डोंगर चढविले. रूळ मधल्या उंचीवरून गेले. पाहणारा माणूस दरीच्या तळाशी उभा राही. पायाशी नदीचे पात्र, डोळ्यांसमोर लाकडी पूल, आणि मान वर करावी तो कडा छतापर्यंत गेलेला. बोरघाटातून आगगाडीने ज्यांनी प्रवास केला असेल त्यांस हा अनुभव निराळा सांगावयास नको. खिडकीतून एका बाजूस मान उंचावून कडा पाहावा लागतो व दुसऱ्या बाजूस वाकून दरी. आणि म्हणूनच घाट घाटासारखा वाटतो. माणसास वर पाहावयास लावले की बारा फुटांचा कडाही हजार फुटांचा भासतो.

हे डोंगर पोकळ असत. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर पातळ प्लास्टरमध्ये बुडविलेल्या कागदांचे वा कापडांचे थर, आणि ते वाळून कठीण झाल्यावर वरून प्लास्टरचा जाड लेप, अशी त्या कामाची सर्वसाधारण रीत आहे. लेप पुरता आळण्यापूर्वी चाकूने व पटाशीने त्यात खडक कोरावयाचे असतात. येथेच पुष्कळांचे काम फसते. खडक वेडेवाकडे असतात असे समजून ते वाटेल तशा भेगा पाडितात. वस्तुतः खडकास शिस्त असते. एका डोंगरातील थर एकाच बाजूस कललेले असतात. भेगा ठराविक दिशांनी जातात. पाण्याने खाल्लेली जागा गोल होते व नुकती कोसळलेली जागा धारदार राहते. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक ठेविलेल्या पायऱ्यांसारखे जे थर दिसतात ते ज्याने नीट पाहिले नाहीत त्याचा किल्ला मातीचा ढिगाराच राहणार. खडक रंगविण्याचीही युक्ती आहे. दाट रंग लावल्यास दगड भिंतीसारखा दिसतो. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडावयाचा. तो आपसूक खाचांत उतरतो, उंचवटे फिके राहतात, आणि खोली आपोआप दिसू लागते. जमिनीसाठी खरी माती चाळून, झाडांसाठी वाळलेल्या वनस्पतींचे तुरे व दगडफुलासारख्या वस्तू रंगवून घेण्याची पद्धत आहे. जी वस्तू फुकट मिळते तिचाच उपयोग येथे अधिक होतो, ही गोष्ट पालकांच्या कानी घालण्यासारखी आहे.

परंतु ॲलन यांचे खरे मोठेपण डोंगरांत नसून त्यांनी आपल्या इमारतींवर व डब्यांवर बसविलेल्या मळात आहे, असे आमचे मत आहे. हे वाक्य विचित्र वाटेल, पण ते आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. ॲलन यांच्यापूर्वी बहुतेक हौशी कारागिरांची समजूत अशी की नमुना जितका चकचकीत तितका चांगला. इंजिनाचे पितळ लखलखावे, डब्यांचा रंग आरशासारखा असावा, घरांच्या भिंती कालच रंगविल्यासारख्या दिसाव्यात. ॲलन यांनी स्थानकावर उभे राहून खरी गाडी पाहिली. खऱ्या इंजिनाच्या धुराड्यामागे काजळी बसलेली असते. बाष्पकाच्या अंगावर पाण्यातील क्षारांचे पांढरे ओघळ असतात. वाघिणीच्या खालच्या भागास वाटेतील धूळ लागून ती तपकिरी दिसते. कौलारू छपराचे एखादे कौल नवे असते, आणि ते नवे असल्यामुळेच बाकीची जुनी कळून येतात. त्यांनी हे सर्व आपल्या नमुन्यांवर उतरविले. लाकूड नवे दिसू नये म्हणून ते पातळ शाईसारख्या रंगात भिजवून करडे करावयाचे, फळीचा एखादा कोपरा तोडावयाचा, पत्र्यावर गंज चढवावयाचा. त्यांनी बांधिलेला एक इंजिनखाना या कामात विशेष गाजला. त्याचे चित्र नियतकालिकांत प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांस कळून चुकले की खेळणे आणि नमुना यांत फरक आहे तो काळाच्या खुणांचा. ज्या घरात माणसे राहून गेली आहेत त्या घरास त्यांचे हात लागलेले दिसले पाहिजेत. प्रथम काही लोकांनी नाके मुरडली. सुंदर वस्तू बिघडवून ठेवण्यात कसली आली कला, असे त्यांस वाटे. आज तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे.

दृष्टिभ्रमाचे त्यांचे प्रयोग आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडतील. जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते हे प्रत्येकास ठाऊक आहे. तेव्हा डोंगराच्या माथ्यावरील झाडे मुद्दाम ठराविक मापाहून लहान करावयाची, रस्ता मागे जाता जाता निमुळता करावयाचा, मागील घरे मापाने कमी करावयाची, रंगही फिकट व निळसर करीत न्यावयाचे. म्हणजे दोन हातांची खोली दोन मैलांची भासते. चित्रकार कागदावर जे करितो तेच त्यांनी प्लास्टर व लाकूड यांत केले. दुसरा उपाय आरशांचा. गव्हाणीच्या देखाव्यात आपण आरसा आडवा ठेवून तळे करितो; ॲलन यांनी तो उभा केला. रस्त्याच्या टोकाशी आरसा ठेविला की रस्ता दुप्पट लांब होतो. अर्ध्या इमारतीस आरशाशी टेकविले की ती पूर्ण होते. मात्र आरशाच्या कडा दिसता कामा नयेत. त्या झाकण्यास पूल, झाड, भिंत असे काहीतरी कारण पुढे उभे करावे लागते, आणि पाहणाऱ्याचे स्वतःचे तोंड त्यात दिसणार नाही असा कोन साधावा लागतो. आणखी एक गंमत अशी की आरशापुढील पाटीवर अक्षरे असतील तर ती उलटी दिसतात व सारे बिंग फुटते. म्हणून जी पाटी केवळ आरशातूनच दिसावयाची तिच्यावर अक्षरे मुळातच उलटी लिहावी लागतात. साधा काचेचा आरसा घेतला तर काचेच्या जाडीएवढी फट दिसते. ती टाळावयाची तर कलई पुढच्या पृष्ठभागावर असलेला आरसा हवा. आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचे परावर्तन कंटाळत कंटाळत शिकणाऱ्या वर्गास आम्ही हे उदाहरण यंदा देऊन पाहणार आहोत.

एवढे करून ते थांबले असते तर मॉन्टेरेबाहेर त्यांचे नाव कोणास कळले नसते. त्यांचा जुना धंदा येथे उपयोगी पडला. इवल्या वस्तूचे छायाचित्र जवळून घेतले की पुढील इंजिन स्पष्ट येते व मागील डोंगर धुकट होतो, आणि त्या धुकटपणावरूनच चित्र खेळण्याचे आहे हे ओळखू येते. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याचे छिद्र अतिशय बारीक करणे. छिद्र जितके बारीक तितके जवळचे व दूरचे एकाच वेळी स्पष्ट येते. पण प्रकाश थोडा आत येत असल्याने चित्र घेण्यास तितकाच अधिक वेळ लागतो. ॲलन यांनी असे बारीक छिद्र वापरून, धीर धरून, आपल्या रेल्वेची शेकडो चित्रे घेतली. ती अमेरिकेतील या विषयाच्या मासिकांत येऊ लागली, त्यांबरोबर त्यांचे लेखही आले, आणि नमुने विकणाऱ्या काही कंपन्यांच्या जाहिरातींसाठीही त्यांनी छायाचित्रे काढून दिली. त्यांचे तळघर स्वतः पाहिलेले लोक थोडे. पण त्यातील दऱ्या व पूल हजारो मुलांच्या ओळखीचे झाले.

ही रेल्वे काचेच्या कपाटात ठेवण्याचा देखावा नव्हती. ठरलेल्या दिवशी मित्रमंडळी जमत, प्रत्येकास काम वाटून दिले जाई, आणि गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत. स्थानकांतील अंतर कमी असल्यामुळे साधे घड्याळ तेथे निरुपयोगी. म्हणून वेगाने चालणारे घड्याळ लाविलेले असे, ज्यायोगे थोड्या मिनिटांत तास भरे. कोणती वाघीण कोणत्या कारखान्यास पोचवावयाची, कोणती रिकामी परत आणावयाची, याचा हिशेब खऱ्या रेल्वेप्रमाणे ठेविला जाई. शंटिंगचे काम किती बुद्धीचे आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी थोड्याशा रुळांचे व मोजक्या सांध्यांचे एक कोडे रचिले. जागा इतकी अपुरी की एक वाघीण हलवावयाची तर दुसऱ्या दोन आधी बाजूस काढाव्या लागतात. 1972 साली ते एका मासिकात प्रसिद्ध झाले आणि बुद्धिबळाच्या डावासारखे ते आजही अनेक देशांत हौसेने मांडितात.

आणि या सर्व गंभीर कारभारात एके ठिकाणी शंटिंगचे काम इंजिनाऐवजी एक प्राचीन प्राणी करीत असे! पाठीवर तक्त्यांची रांग असलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला स्टेगोसॉरस नावाचा जो सरपटणारा प्राणी, त्याची ही लहानशी मूर्ती. तिचे नाव एम्मा, आणि रेल्वेच्या नोंदीतील तिचा क्रमांक 13. गवत खाऊन वाघिणी ओढणारी ही एम्मा पाहून नवखा पाहुणा गोंधळून जाई. ज्याने एका फळीचा रंग बरोबर येण्यासाठी दिवसचे दिवस घालविले त्यानेच हे करावे, यात आम्हांस विसंगती वाटत नाही. आजूबाजूचे सर्व खरे होते म्हणूनच एम्माचे हसू येई.

येथे काही पालकांच्या मनात एक शंका येईल. सुशिक्षित, सुबुद्ध माणसाने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी धंदा सोडावा आणि उरलेले आयुष्य खेळण्यातील आगगाडीत घालवावे, हे योग्य झाले काय? आम्हीही या शंकेचा विचार केला. त्यांनी कोणाचे कर्ज बुडविले नाही, कोणावर आपला भार घातला नाही. दुर्बळ हृदयाच्या माणसास डोंगर चढता येत नव्हते. त्याने डोंगर आपल्या घरी रचिले. सुतारकाम, रंगकाम, वीज, छायाचित्रण, लेखन, इतक्या गोष्टींत त्यांनी हात घातला व जे आले ते लपवून न ठेविता मासिकांतून सर्वांस शिकविले. तरी आम्ही असे म्हणणार नाही की ही शंका अगदी निराधार आहे. एवढी बुद्धी व एवढा धीर दुसऱ्या एखाद्या कामी लागला असता तर काय झाले असते, हे कोणी सांगावे? परमेश्वराने प्रत्येकास निरनिराळे दान दिले आहे, आणि ते कोठे खर्चावे याचा हिशेब शेजाऱ्याने मागू नये, इतकेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

1973 साल उजाडले तेव्हा वीस वर्षांचे ते काम पुरे होत आले होते. जानेवारीच्या 6 तारखेस हृदयविकाराच्या झटक्याने ॲलन यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते. ज्या हृदयाने लहानपणीच दगा दिला होता त्याने इतकी वर्षे साथ दिली, हेही थोडे नव्हे. मित्रांस आता काळजी पडली ती त्या रेल्वेची. पण दहाच दिवस लोटले असतील नसतील, तोच त्या घरास आग लागली. लाकूड, कागद, रंग, वाळलेली झाडे. आगीस याहून आवडता आहार कोणता? जमिनीपासून छतापर्यंत चढलेले ते डोंगर, त्यांवरील पूल, बंदराचे गाव, आणि पोटात जपून ठेविलेली ती बाजेएवढी पहिली रेल्वे, यांपैकी बहुतेक सर्व नष्ट झाले. काही थोडे नमुने तेवढे वाचले.

इंग्लंडात जॉन अहर्न नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. लंडनात विम्याचे काम करून फावल्या वेळात त्यांनी एका काल्पनिक दरीची रेल्वे बांधिली होती, आणि देखाव्यास रेल्वेइतकेच महत्त्व देणाऱ्यांत त्यांचे नाव ॲलन यांच्याही आधी घ्यावे लागते. 1961 साली ते वारले. त्यांचे काम मात्र सुखरूप राहिले. ऑक्सफर्डशायर परगण्यातील पेंडन येथील संग्रहालयात ते जतन केलेले आहे. दोघे सारख्याच तोलाचे कारागीर. एकाचे हातचे काम काचेआड सुरक्षित, दुसऱ्याची राख. असे का व्हावे याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

मात्र छायाचित्रे उरली. मासिकांच्या कचेऱ्यांत, मित्रांच्या घरी, ठिकठिकाणी ती विखुरलेली होती. 'मॉडेल रेलरोडर' या मासिकाचे संपादक राहिलेले लिन वेस्टकॉट हे ॲलन यांचे काम जाणणारे होते. त्यांनी ही चित्रे एकत्र केली, ॲलन यांच्या पद्धती व त्यांचे चरित्र लिहून काढिले, आणि त्या तळघराचा नकाशा पुन्हा जुळविला. 1980 साली वेस्टकॉट यांचेही निधन झाले. पुस्तक छापून निघाले ते पुढच्या वर्षी, 1981 साली. त्यातील चित्रे पाहताना लाकडी पुलावरून जाणारी गाडी, खालची खोल दरी आणि इंजिनखान्याच्या छपरावरील काजळी इतकी स्पष्ट दिसते की हे सर्व पाऊण इंची माणसांचे जग होते, हे आठवण करून दिल्यावाचून ध्यानात येत नाही.